सोपान म्हणजे पायरी

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळींनी सांगितलं, बुवा, आज कीर्तन नको, नुसते दोन शब्द बोला. आता कीर्तनाचं कसं असतं, पुढे अभंग असतो, मागे टाळकरी असतात. आपण अडलो तर ते चाल धरून सांभाळून नेतात. नुसतं बोलायचं म्हणजे चिखलात बिनकाठीचं चालणं. त्यात आमचं शिक्षण चौथी. म्हणून ठरवलं, जे आपल्याला पक्कं माहीत आहे तेवढंच बोलायचं. आम्हाला पक्कं माहीत काय, तर आमचं नाव. साठ वर्षांच्या वर झालं, रोज वापरतोय.

ही स्मरणिका काढायची म्हणून दिंडीच्या जुन्या वह्या काढल्या. एका वर्षाच्या यादीत तीन सोपान निघाले. ओळखायला खुणा केलेल्या, थोरला सोपान, मृदंगाचा सोपान आणि खालच्या आळीचा सोपान. आज या मांडवात एवढी पोरं खेळतात, त्यांत एक सोपान दाखवा. नाही. मागं एका बारशाला आम्ही गेलो होतो. पाळण्यापाशी म्हातारी म्हणाली, सोपान ठेवू या. तर सगळा बायकांचा मेळा हसला. म्हातारीही मग हसली. पण आमच्या काळजाला ते लागलं, कारण आम्ही तिथंच पानसुपारी घेऊन बसलेलो.

सोपान हा संस्कृत शब्द आहे, त्याचा अर्थ पायरी, किंवा पायऱ्यांची रांग, जिना. घाटाला असतात, देवळाला असतात त्या पायऱ्या. आपण शेतकरी माणसं बोलताना हा शब्द वापरत नाही, पायरीच म्हणतो. त्यामुळे नाव उरलं आणि अर्थ पोथीत राहिला. पुष्कळ सोपानांना मरेपर्यंत आपल्या नावाचा अर्थ माहीत नव्हता. काही जणांना वाटतं, सोपं यावरून सोपान. तसं नाही. पायरीनं चढणं सोपं होतं एवढाच त्याचा संबंध धरा.

आता हे नाव आपल्याकडे आलं कुठून? विठ्ठलपंत आणि रुक्मिणीमाता यांच्या लेकरांकडून. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई. ही नावं ओळीनं घ्या. निवृत्ती म्हणजे संसाराच्या ओढीतून मागं फिरणं. मग ज्ञान. मग सोपान, पायरी. मग मुक्ती. ज्या बापानं संन्यास घेतला, गुरूनं परत घरी धाडला, गावानं वाळीत टाकला, त्या बापाच्या घरात ही चार नावं एकामागं एक आली. कीर्तनात आम्ही याच्यावर दोन तास बोलतो. आज घड्याळवाले समोर बसलेत.

त्यात एक गंमत बघा. ज्ञान आधी आणि पायरी नंतर. आपल्याला वाटतं आधी पायऱ्या चढायच्या, मग वर ज्ञान. इथं ज्ञान झाल्यावरही पायरी आहेच, तिच्याशिवाय मुक्ताईपर्यंत पोचता येत नाही. याच्यावर शास्त्री मंडळी काय म्हणतील ते म्हणोत, आम्ही असं समजतो.

सोपानदेवांचा जन्म शके ११९९ चा धरतात. माउलींहून दोन वर्षांनी धाकटे. गीतेवरची सोपानदेवी त्यांच्या नावावर सांगतात. माउलींनी शके १२१८ च्या कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत समाधी घेतली. पुढच्याच महिन्यात, मार्गशीर्ष वद्य त्रयोदशीला, कऱ्हाकाठी सासवडला सोपानदेव समाधिस्थ झाले. थोरला भाऊ गेला आणि धाकट्यानं एक महिना काढला. नामदेवरायांनी या समाध्यांचे अभंग लिहिले आहेत, ते वाचताना आमचा आवाज बसतो, म्हणून आम्ही ते दुसऱ्याला म्हणायला लावतो.

वारकरी त्यांना सोपानकाका म्हणतात. एका पोरानं आम्हाला विचारलं, बुवा, ज्ञानोबा जर माउली, म्हणजे आई, तर आईचा भाऊ मामा लागतो, काका कसा? पोरगं हुशार. आम्ही सांगितलं, बाबा, ज्ञानोबाराय आपली आईही आहेत आणि बापही. बापाच्या नात्यानं काका. आईच्या नात्यानं मामा म्हणायचं तर म्हण, ते रागावणार नाहीत.

तर वारकऱ्यांच्या घरात हीच चार नावं ओळीनं ठेवायची चाल पडली. पहिला निवृत्ती, दुसरा ज्ञानदेव नाहीतर ज्ञानोबा, तिसरा सोपान, आणि मुलगी झाली तर मुक्ता. चौथाही मुलगाच झाला तर मुक्ताजी म्हणून भागवायचे. नुसतं पुणे, नगर, सोलापूर नव्हे, खानदेशातही हे नाव गेलं. बहिणाबाई चौधरींना अक्षर येत नव्हतं, त्या ओव्या तोंडानं म्हणायच्या. त्या ऐकून कागदावर उतरवून ठेवणाऱ्यांत त्यांचा मुलगा होता, त्याचं नाव सोपानदेव. १९५२ साली आचार्य अत्र्यांनी त्या गाण्यांचं पुस्तक काढलं आणि आई साऱ्या महाराष्ट्राला कळली. पोरगा आईची पायरी झाला.

मग हे नाव कमी का झालं? लोक म्हणतात, नवी फॅशन. असेल. पण आमचा हिशेब निराळा आहे. सोपान हे तिसऱ्याचं नाव. सरकारनं आधी सांगितलं दोन किंवा तीन पुरेत, मग सांगितलं दोनच. घरात तिसरं लेकरू यायचं थांबलं, तसं तिसरं नावही थांबलं. ज्ञानेश्वर अजून सापडतात, मुक्ता तर शहरातही सापडते. सोपानाची पाळीच येत नाही.

आमच्या वडिलांना चार लेकरं झाली आणि चारही नावं बरोबर लागली. आम्ही तिसरे. शाळेत पोरं सोप्या म्हणायची. एकदा गुरुजींनी वर्गात अर्थ सांगितला, शाळेच्या दगडी पायरीकडे बोट करून, हा बघा सोपान. झालं. मधल्या सुट्टीत पोरं आमच्या पायावर पाय देऊन म्हणायची, चढा रे चढा. आम्ही रडत घरी गेलो, नाव बदला म्हणून. वडील काही बोलले नाहीत. संध्याकाळी देवळात घेऊन गेले आणि म्हणाले, आत जाताना पहिला हात कशाला लावतोस? आम्ही पायरीला हात लावून कपाळाला लावला होता, रोजच्यासारखा. पंढरपूरला महाद्वारात नामदेवरायांनी पायरीचीच जागा मागून घेतली, हे त्यांनी तेव्हाच सांगितलं.

१९७२ चा दुष्काळ पडला. आमची चौथी झाली होती. निवृत्तीदादा आधीच शेतात. ज्ञानदेव हायस्कुलात. घरातून खडी फोडायला आणखी एक माणूस पाहिजे होतं, तेव्हा मिलोची भाकर आणि सुकडी मिळायची. वडिलांनी आमचं दप्तर खुंटीला टांगलं. ज्ञानदेव मॅट्रिक झाला, नोकरीला लागला, शहरात राहिला. त्याचा आम्हाला अभिमान होता, खोटं कशाला बोला. निवृत्तीदादा वारला, मुक्ता तिच्या घरी. ज्ञानदेव निवृत्त होऊन गावी आला, मोजणी झाली, आणि सामाईक विहिरीच्या पाळीवरून आमचं फाटलं. तो म्हणाला आम्ही बांध कोरला. आम्ही चारचौघांत म्हणालो, आमच्या पाठीवर पाय देऊन वर गेलास, आता बांध शिकवतोस?

सात वर्षं बोलणं बंद. त्या सात वर्षांत आम्ही कीर्तनातून बंधुप्रेम सांगितलं, लोकांनी माना डोलावल्या.

तुम्हाला माहीत आहे, माउलींचा मुक्काम सासवडला असतो तेव्हा सोपानकाकांची पालखी तिथून निघते. ती आपल्या वाटेनं जाते, माउली आपल्या वाटेनं. पुढं तोंडले-बोंडले ओलांडल्यावर टप्प्याला दोघांची गाठ पडते. रथाला रथ भिडतो, मानकरी एकमेकांना नारळ देतात, बंधुभेट. दरवर्षी आमच्या डोळ्याला पाणी येतं. त्या सातव्या वर्षी आम्ही असेच डोळे पुसत उभे होतो. आपल्या दिंडीतली एक म्हातारी, आज ती नाही, शेजारी उभी होती. आमच्या घरातली चारही नावं तिला ठाऊक. ती हळूच म्हणाली, "बुवा, तुमचं माउली कुटं हायती?"

आम्हाला उत्तर आलं नाही. भंडीशेगावापर्यंत टाळ हातात होते, वाजले नाहीत. मनात एकच, बापानं नाव पायरी ठेवलं, आणि भावाचा पाय पडला म्हणून आपण सात वर्षं रुसलो.

काला करून गावी आलो, आणि घरी पिशवी ठेवायच्या आधी त्याच्या दारात गेलो. तो सोप्यात खाटेवर बसलेला. गुडघ्यानं अधू झालाय, लवकर उठवत नाही. आम्ही खाली उभे, तो वर. कुणी आधी बोलायचं ते कळेना. आम्ही पहिल्या पायरीवर पाय ठेवला, तसा तो म्हणाला, "सोप्या, मधली हालतीया. जपून ये."

दुसऱ्या दिवशी घमेलंभर सिमेंट आणि थापी घेऊन गेलो आणि ती पायरी बसवून दिली. तो वर बसून सांगत होता, तिरपी झाली, तिरपी झाली. तिरपी नव्हती. विहिरीच्या पाळीचं अजून पुरतं मिटलेलं नाही, बोलणं चालू आहे. यंदा तो टप्प्यापर्यंत गाडीनं येतो म्हणतोय.

रामकृष्ण हरी!