विमान उडते ते कशाच्या आधारावर?

(जिल्हा विज्ञान प्रदर्शनाच्या निमित्ताने माध्यमिक शाळांतील शिक्षक व विद्यार्थी यांच्यासमोर केलेले भाषण)



विमानोड्डाणावर बोलण्यासाठी एखाद्या अभियंत्यास पाचारण करावयाचे सोडून संयोजकांनी वाङ्मयाच्या पदवीधरास, तेही माहिती खात्यातल्या, का बोलाविले असावे, असा प्रश्न आपणांपैकी काहींना पडला असेल. संयोजकांचे म्हणणे असे की, ज्याला गणिताची भीती वाटते त्याने विषय सांगितला, तर ऐकणाऱ्यांना ती वाटणार नाही. तेव्हा फळ्यावर एकही समीकरण न लिहिता हा विषय मांडण्याचे मी योजिले आहे.

प्रथम हवेविषयी. आपण हवेला 'काहीच नाही' असे समजून चालतो. रिकाम्या खोलीत हवा असते, तरीही आपण तिला रिकामीच म्हणतो. परंतु समुद्रसपाटीजवळ एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १.२ किलोग्रॅम भरते. हे सभागृह वीस मीटर लांब, दहा मीटर रुंद आणि पाच मीटर उंच आहे असे धरले, तर या क्षणी येथे बारा क्विंटल हवा आहे. बारा क्विंटल धान्य म्हटले की बैलगाडी डोळ्यांसमोर येते. तितक्याच वजनाची हवा मात्र आपल्या खिजगणतीतही नसते. विमान ज्या वस्तूवर रेलून राहते ती हीच. तिला वजन आहे, म्हणून तिला ढकलता येते; आणि ती ढकलली असता उलट ढकलते.

ही हवा काय करू शकते हे कोकणातील लोकांना वेगळे सांगावयास नको. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० किलोमीटरच्या पुढे होता आणि असंख्य घरांवरील पत्रे उडाले. वारा आडवा वाहत असता पत्रा वर का जावा? छपरावरून वेगाने जाणाऱ्या हवेचा दाब कमी होतो, घरातील स्थिर हवेचा दाब मात्र तेवढाच राहतो आणि खालची हवा पत्रा वर उचलते. एवढ्या वाऱ्यात हा फरक दर चौरस मीटरला पन्नास किलोच्या घरात जाऊ शकतो. पत्र्याचे स्वतःचे वजन चार-पाच किलो. खिळे निघाले की पत्रा निघाला. ज्या नियमाने घर उघडे पडते, त्याच नियमाने विमान वर राहते. निसर्गनियमांना आपले-परके नसते.

वेग वाढला की दाब घटतो, हे सूत्र स्विस गणिती डॅनियल बर्नुली याने १७३८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातून आले. यापुढे मात्र एक घोटाळा सुरू होतो. अनेक पुस्तकांत असे लिहिलेले आढळते की, विमानाच्या पंखाची वरची बाजू फुगीर असल्याने वरून जाणाऱ्या हवेला लांबचा पल्ला पडतो, आणि खालून गेलेल्या सोबतिणीला मागच्या कडेशी गाठण्यासाठी ती धावत सुटते. कल्पना मोठी रम्य आहे. परंतु वरच्या हवेने खालच्या हवेला गाठलेच पाहिजे, असा कोणताही नियम निसर्गात नाही. वातबोगद्यात धुराच्या रेषा सोडून पाहिले असता वरची हवा मागच्या कडेशी आधीच पोहोचून पुढे निघून गेलेली दिसते. शिवाय फुगवट्यावरच सारे अवलंबून असते, तर कवायती विमाने उलटी होऊन उडू शकली नसती आणि वहीच्या सपाट कागदाचे विमान वर्गात दोन बाकांपलीकडे गेले नसते. ते जाते, हे येथील प्रत्येक शिक्षक जाणतो.

खरी गोष्ट अशी की, पंख हवेला खाली वळवितो. पंखाची पुढची कड किंचित वर आणि मागची कड खाली अशी ठेवण असते. समोरून येणारी हवा त्यावरून व त्याखालून जाताना खालच्या दिशेने वळते. पंख हवेला खाली लोटतो, म्हणून हवा पंखाला वर लोटते. न्यूटनचा तिसरा नियम तो हाच. वरच्या अंगाचा कमी दाब आणि हवेचे खाली वळणे ही दोन भिन्न कारणे नव्हेत. एकाच घटनेच्या या दोन बाजू आहेत. पंखाचा फुगीर आकार हे वळविणे अधिक सुरळीत करतो, एवढे श्रेय त्याला द्यावयास हरकत नाही.

येणारी हवा आणि पंख यांच्यामधील या तिरकेपणास आपण 'आघातकोन' म्हणू. संक्रांतीला पतंग उडविणाऱ्या मुलांना तो चांगला ठाऊक असतो, नाव ठाऊक नसले तरी. मधल्या काडीला वर आणि खाली दोरा बांधताना ती त्याची लांबी कमीजास्त करून पाहतात. कोन फार लहान झाला तर पतंग उचलत नाही. फार मोठा झाला तर गोते खातो. विमानाची सारी विद्या या गोते खाण्याच्या अलीकडे थांबण्यात आहे.

पण एवढे अजस्र धूड उचलावयास हवेला केवढा जोर लागत असेल? आपल्याकडील देशांतर्गत मार्गांवर नेहमी दिसणारे एअरबस ए-३२० विमान पूर्ण भारासह सुमारे ७८ टनांचे असते आणि त्याच्या पंखांचे क्षेत्रफळ सुमारे १२२ चौरस मीटर. म्हणजे दर चौरस मीटरला साधारण ६४० किलो. आता समुद्रसपाटीवर वातावरणाचा दाब दर चौरस मीटरला दहा टनांहून थोडा अधिक असतो. पंखाच्या वर आणि खाली या दाबात अवघा सहा टक्क्यांचा फरक पडला, की ७८ टन वजन उचलले जाते. सारा चमत्कार एवढाच, आणि मला तरी तो कोणत्याही अद्भुत कथेहून अधिक अद्भुत वाटतो.

हा फरक वेगाने निर्माण होतो. वेग दुप्पट झाला तर वर उचलणारे बल चौपट होते. म्हणूनच जमिनीवर ती लांबलचक धाव. हवेच्या घनतेचाही संबंध येतो. मे महिन्यात नागपूरला भर दुपारी पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा तेथील हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे नऊ टक्क्यांनी विरळ असते. पंखाला कमी आधार, इंजिनालाही कमी हवा. परिणामी विमानाला अधिक धावावे लागते, प्रसंगी भार कमी करावा लागतो.

उचलणारे बल आणि पुढे नेणारे बल ही निरनिराळी ठेवावीत, पंख फडफडविण्याच्या भरीस पडू नये, हे प्रथम ओळखले इंग्लंडच्या जॉर्ज केली यांनी. १७९९ साली त्यांनी एका चांदीच्या चकतीवर या बलांची आकृती कोरून ठेविली. त्यांच्यानंतर जर्मनीच्या ऑटो लिलिएंथाल यांनी टेकड्यांवरून पंख लावून दोन हजारांच्या आसपास उड्डाणे केली. ९ ऑगस्ट १८९६ रोजी वाऱ्याच्या झोतात त्यांच्या यानाचे नाक वर उचलले गेले, पंखांचा आधार सुटला आणि सुमारे पंधरा मीटर उंचीवरून ते कोसळले. दुसऱ्या दिवशी त्यांचे निधन झाले. ही वार्ता वाचून अमेरिकेतील दोन सायकल दुरुस्त करणाऱ्या भावांचे लक्ष या विषयाकडे वेधले गेले. राइट बंधूंनी १९०१ साली लाकडी पेटीचा वातबोगदा करून सुमारे दोनशे पंखांचे नमुने तपासले, आणि १७ डिसेंबर १९०३ रोजी किटी हॉकजवळ त्यांचे यान प्रथम १२ सेकंद, १२० फूट उडाले. आजच्या जंबो जेटच्या पंखांचा विस्तारही याहून मोठा आहे.

येथे कोणी शिवकर बापूजी तळपदे यांचे नाव घेईल, हे मी जाणतो. १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर त्यांनी विमान उडविल्याची कथा आपल्याकडे आवडीने सांगितली जाते. तळपद्यांच्या ध्यासाविषयी आदर बाळगूनही म्हणावे लागते की, त्या उड्डाणाचा विश्वसनीय समकालीन पुरावा नाही. या कथेबरोबर ज्याचा नेहमी उल्लेख होतो, त्या 'वैमानिक शास्त्र' ग्रंथाची तपासणी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९७४ साली केली. ग्रंथ विसाव्या शतकातील असून त्यातील विमाने उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निर्वाह आहे. त्यांनी लावलेली कसोटी वजन, आधार, रोध आणि रेटा यांचीच होती. ती देशी किंवा विदेशी नसते. आपला अभिमान ठेवावयास १५ ऑक्टोबर १९३२ चा दिवस आहेच. त्या दिवशी जे. आर. डी. टाटा एकट्याने छोटे पस मॉथ विमान चालवीत टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले.

लिलिएंथाल यांचा जीव घेणाऱ्या घटनेकडे मात्र पुन्हा वळले पाहिजे. आघातकोन वाढवीत नेला तर आधार वाढत जातो, पण सुमारे पंधरा अंशांपर्यंतच. त्यापुढे हवेला पंखाच्या वरच्या अंगाला धरून वळता येत नाही. ती सुटते, तिचे भोवरे होतात आणि आधार एकाएकी ढासळतो. यास 'स्टॉल' म्हणतात. मोटार स्टॉल झाली म्हणजे इंजिन बंद पडले. विमानाच्या बाबतीत तसे नव्हे. इंजिन उत्तम चालू असता, पंख धड असता विमान स्टॉल होऊ शकते. त्यावर उपाय एकच: नाक खाली करणे. कोन कमी झाला की हवा पंखाला पुन्हा धरते. परंतु खाली पडत असलेल्या माणसाला अधिक खाली वाकावयास सांगणे किती कठीण!

ते किती कठीण, याचा दाखला १ जून २००९ च्या रात्री मिळाला. एअर फ्रान्सचे ४४७ क्रमांकाचे उड्डाण रिओ दि जानेरोहून पॅरिसला निघाले होते. विमानात २२८ माणसे होती. अटलांटिक महासागरावर ३५ हजार फूट उंचीवर वेग मोजणाऱ्या नळ्या बर्फाच्या कणांनी तुंबल्या, वेगाचे आकडे चुकीचे येऊ लागले आणि स्वयंचलित चालक सुटला. मुख्य वैमानिक नियमानुसार विश्रांतीस गेले होते. अंधार, ढग आणि धोक्याचे आवाज यांच्या गर्दीत सहवैमानिकाने नाक वर खेचले. विमान जवळजवळ ३८ हजार फुटांपर्यंत चढले, वेग गमावून बसले आणि स्टॉल झाले. वेगाचे आकडे मिनिटभराच्या आत पुन्हा बरोबर येऊ लागले होते. स्टॉलची सूचना सलग ५४ सेकंद वाजत होती. नाक वरच राहिले. पुढे आघातकोन ३५ अंशांच्याही पलीकडे गेला. आणखी दुर्दैव असे की, नोंदला जाणारा वेग फारच कमी झाला म्हणजे यंत्रणा ती मोजमापे अग्राह्य समजून सूचना बंद करीत असे. म्हणून नाक थोडे खाली केले की सूचना पुन्हा वाजे. योग्य कृती केली की धोक्याचा आवाज, चुकीची केली की शांतता! पहिल्या बिघाडापासून ४ मिनिटे २३ सेकंदांत विमान समुद्रावर आदळले. कोणीही वाचले नाही. इंजिने शेवटपर्यंत चालू होती.

ध्वनिमुद्रक व नोंदयंत्र २०११ साली सुमारे ३,९०० मीटर खोल तळातून काढण्यात आले, तेव्हा हे सारे उलगडले. त्या वैमानिकांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. तपास अहवालाने तसे केले नाही. इतक्या उंचीवर हाताने विमान सावरण्याचे शिक्षण त्यांना मिळालेलेच नव्हते. पूर्वी स्टॉलच्या प्रशिक्षणात उंची गमावू न देण्यावर फार भर असे. त्या सुमारास तो बदलून सर्वप्रथम आघातकोन कमी करा, उंची जाईना का, असा झाला. पतंगवाल्या मुलांची गोष्ट अनुभवी वैमानिकांना नव्याने शिकवावी लागली, असे म्हटले तर ते फारसे वावगे होणार नाही.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आपण विमानात बसावयास घाबराल. इंजिने बंद पडली तर विमान दगडासारखे पडते, हा समज खोटा आहे. नाक बेताने खाली ठेवले, तर प्रवासी विमान एक किलोमीटर उंची खर्चून सुमारे पंधरा किलोमीटर पुढे तरंगत जाते. पुण्यावर दहा किलोमीटर उंचीवर इंजिने बंद पडली, तरी हिशेबाने मुंबई टप्प्यात येते. २३ जुलै १९८३ रोजी कॅनडात असे घडले आहे. किलो आणि पौंड यांच्या घोटाळ्यामुळे इंधन कमी भरले गेलेले एक बोइंग ७६७ विमान ४१ हजार फुटांवर कोरडे पडले. त्याचे कप्तान रॉबर्ट पिअर्सन यांना बिनइंजिनाची ग्लायडर विमाने चालविण्याचा छंद होता. त्यांनी ते विमान गिमली येथील जुन्या हवाई तळावर तरंगत आणून उतरविले. विमानातील सर्व ६९ जण सुखरूप राहिले.

आता बाहेर मैदानावर पुठ्ठ्याची छोटी विमाने ठेविली आहेत. प्रत्येकाच्या नाकाला कागद अडकविण्याची एक टाचणी लावलेली आहे. प्रथम टाचणीसह उडवा. ते सरळ तरंगत जाईल. मग टाचणी काढून तेच विमान तितक्याच जोराने सोडा. नाक हलके झाल्यामुळे ते वर चढेल, क्षणभर थबकेल आणि गोता खाईल. तो थबकण्याचा क्षण नीट पाहून ठेवा.