शाळा निवडणाऱ्या शिक्षकाने काय पाहावे?



शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर शाळांचे प्राधान्यक्रम भरण्याचे दिवस आले की आपल्या जुन्या विद्यार्थ्यांचे फोन येतात, "सर, ती शाळा कशी आहे हो?" आपण काय सांगतो? अनुदान किती टक्के, एसटी कुठपर्यंत जाते, दहावीचा निकाल किती लागतो. आज मला या प्रश्नाच्या उत्तराविषयीच बोलायचे आहे.

अनुदानाची चौकशी आधी करावीच. २० टक्क्यांच्या टप्प्यावर अडकलेल्या शिक्षकाला चांगल्या वातावरणाच्या गोष्टी ऐकवणे क्रूरपणाचे आहे. प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन २०२३ मध्ये १६ हजार झाले. खोलीभाडे आणि जाण्यायेण्याचा खर्च जाऊन त्यातले काय उरते, हे तुम्हाला सांगायला नको. निकालाचे मात्र तसे नाही. कच्च्या मुलांना खासगीरीत्या परीक्षेला बसण्याचा १७ नंबरचा अर्ज भरायला लावून निकाल राखणाऱ्या शाळा आपण सगळे ओळखून आहोत. तिथे शिकवणे कसे असते, हे तो आकडा सांगत नाही. इमारत आणि डिजिटल फळाही सांगत नाहीत.

म्हणून फोन करणाऱ्या त्या जुन्या विद्यार्थ्यांना मी सांगतो, जमले तर मुख्याध्यापकांचे पाठनिरीक्षणाचे लॉगबुक पाहा. "अध्यापन समाधानकारक. फलकलेखन सुवाच्य. प्रश्नांची संख्या वाढवावी." कित्येक शाळांत वर्षभर, सर्व शिक्षकांना, सर्व विषयांना हाच शेरा असतो. असला शेरा वाचून कोणाचा पाठ सुधारला आहे? पण एका शाळेत मी निराळा शेरा वाचला. "अपूर्णांकांची बेरीज. मागच्या बाकावरच्या दोघी छेदांचीही बेरीज करत होत्या. उद्या कागदाच्या पट्ट्या घेऊन पाहू, मीही येतो." त्याखाली शिक्षिकेच्या अक्षरात होते, "पट्ट्या घेतल्या. एकीला समजले. दुसरी अजून अडते."

मुख्याध्यापक मुलींच्या वह्यांपर्यंत गेले होते. आणि 'दुसरी अजून अडते' हे शाळेच्या दप्तरात लिहायला त्या बाई कचरल्या नव्हत्या. न जमलेला पाठ शिक्षकाला उघडपणे सांगता येतो, ती शाळा शिकवण्यासाठी चांगली, असे माझे ठाम मत आहे. जिथे ही मुभा नसते, तिथे शिक्षक वर्गाचे दार लोटून शिकवतो. टाचणवही तपासणीच्या आदल्या रात्री पुरी होते. नवीन आलेल्याची वर्षभर कोणी विचारपूस करत नाही आणि निकाल घसरला की जाब त्यालाच विचारतात.

दुसरे पाहायचे ते वेळापत्रक. नव्या शिक्षकाच्या वाट्याला काय आले आहे? अनुभवी शिक्षक 'अ' तुकडीवर आणि पहिल्याच वर्षी आलेली मुलगी शेवटच्या तुकडीवर, शेवटच्या तासांना. वर बदली तास तिलाच, पोषण आहाराच्या नोंदीही तिच्याकडेच. शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत शिक्षकाचे आठवड्याचे ४५ तास सांगितले आहेत आणि पाठाच्या तयारीचा वेळ त्यातच धरला आहे. किती शाळांच्या वेळापत्रकात या तयारीला जागा असते? त्याच कायद्याचे कलम २७ जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज इतर अशैक्षणिक कामांना मनाई करते. वरून आलेल्या प्रत्येक कामाला मुख्याध्यापक मान तुकवतात की शिक्षकाच्या तासासाठी उभे राहतात, याची त्या शाळेतल्या शिक्षकांकडे चौकशी करावी.

तुम्ही म्हणाल, उमेदवाराला हे पाहायला मिळते कुठे? खरे आहे. मुलाखतीत प्रश्न संस्थेने विचारायचे, त्याने उत्तरे द्यायची. जिल्हा परिषदेच्या समुपदेशनात तर न पाहिलेली शाळा काही मिनिटांत निवडावी लागते. म्हणून या सभागृहातल्या मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे. यंदा मुलाखतीला येणाऱ्या उमेदवाराला एक पूर्ण दिवस शाळेत थांबू द्या. स्टाफरूममध्ये बसू द्या, दोन तास पाहू द्या, लॉगबुक त्याच्या हातात द्या. समुपदेशनाआधी रिक्त जागांच्या शाळा पाहण्यासाठी एक दिवस मिळावा, ही मागणी आपण शासनाकडे करू. दोन्हींचा ठराव उद्याच्या खुल्या अधिवेशनात मी स्वतः मांडणार आहे. त्याला आपण सर्वांनी अनुमोदन द्यावे.