काचेवरचे शेवाळ आणि ते खाणारे मासे



खेड्यापाड्यांतल्या शाळांतून आणि हौशी घरांतूनही अलीकडे माशांची काचपेटी दिसते. पेटी आणल्यावर पहिले पंधरा दिवस मोठ्या मौजेत जातात. मग काचेवर आधी तपकिरी आणि पुढे हिरवा थर धरू लागतो, मासे अंधुक दिसू लागतात. अशा वेळी कोणीतरी सांगतो, "अहो, एक सकर आणून सोडा, सगळी घाण खाऊन टाकील!" या सांगण्यात खरे किती आणि खोटे किती, ते आज पाहू या.

मुळात शेवाळ येते कशाने? कोणत्याही पिकाला लागतात त्याच दोन गोष्टी त्यालाही लागतात: उजेड आणि खत. उजेड खिडकीतून नाहीतर दिव्यातून मिळतो. आणि खत? ते आपणच घालतो. माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य कुजते, त्यातून अमोनिया तयार होतो. पाण्यातले जीवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि नंतर नायट्रेट करतात. हे नायट्रेट म्हणजे पिकाला आपण जे नत्र देतो त्याचेच एक रूप. तेव्हा काचेवर शेवाळ आले, की समजावे, या वावरात उजेड आणि खत जास्त झाले आहे.

आता अशा पेटीत शेवाळ खाणारा मासा सोडणे म्हणजे तणाच्या रानात बैल सोडण्यासारखे आहे. तो चरेल खरा. पण शेणही तिथेच टाकील. म्हणून पहिला उपाय माशाचा नव्हे, आपल्या हाताचा. पेटी उन्हाच्या खिडकीपासून दूर ठेवावी. दिवा रोज ६ ते ८ तासच लावावा. दोन-तीन मिनिटांत संपेल इतकेच खाद्य घालावे. आठवड्यातून एकदा चौथा हिस्सा पाणी बदलावे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल, तर ते पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवून मग घालावे. आणि सगळे पाणी एकदम कधीही काढू नये, कारण अमोनियाचा बंदोबस्त करणारे जीवाणू वाळूवर आणि गाळणीत वस्ती करून असतात. नव्या पेटीत त्यांचा जम बसायला चार ते सहा आठवडे लागतात.

एवढे झाल्यावर माशांकडे वळू.

बाजारात सकर म्हणून जे काळपट, खरखरीत अंगाचे पिल्लू मिळते, ते मूळचे दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचे. विकत घेताना ते बोटाएवढे असते, पण वाढून ४० सेंटिमीटरच्याही वर जाते. आता शिक्षकांनी मुलांना एक हिशेब घालावा. पेटी ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३० उंच असेल, तर तिच्यात पाणी किती मावेल? तिघांचा गुणाकार करून १००० ने भागा: ५४ लिटर. आणि ४० सेंटिमीटरचा मासा ३० सेंटिमीटर रुंदीत वळणार कसा? उत्तर मुलेच देतील. हा मासा घरच्या पेटीसाठी नव्हेच.

त्याच्याच कुळातला ब्रिसलनोज नावाचा मासा साधारण १२ ते १५ सेंटिमीटरवर थांबतो. एवढ्या पेटीत असा एखादाच ठेवावा, आणि त्याला कुरतडायला पाण्यात बुडणारे लाकूड द्यावे. ओटोसिंक्लस नावाचा मासा तर जेमतेम ४-५ सेंटिमीटरचा. नव्या पेटीतला तपकिरी थर तो आवडीने खातो. पण तो एकटा राहत नाही, पाच-सहांच्या टोळीने राहतो. आणि पेटी काही महिने मुरलेली नसेल, तर उपाशी मरतो. चायनीज अल्गी ईटर म्हणून जो मासा विकतात, तो लहानपणी शेवाळ खातो, पण मोठेपणी भांडखोर होतो आणि दुसऱ्या माशांच्या अंगाला चिकटून त्यांचा बुळबुळीत थर चाटतो. तो टाळलेला बरा.

तुम्ही म्हणाल, हे सगळे परके मासे. आमच्या गावात सहज जगेल असे काही सांगा. तर मॉली पाहा. आपल्या पुष्कळ विहिरींचे पाणी जड असते, आणि मॉलीला जड पाणी मानवते. ती दिवसभर शेवाळाला तोंड लावत हिंडते, शिवाय अंडी न घालता पिल्लांना जन्म देते. मुलांना पाहायला याहून चांगले काय?

आणि शेवाळ खाणारा मासा आपल्या सह्याद्रीतही आहे, बरं का! खडकाळ ओढ्यांत मळ्या नावाचा मासा असतो. त्याच्या हनुवटीखाली चकतीसारखा अवयव असतो. त्याने तो दगडाला धरून राहतो आणि वाहत्या पाण्यात शेवाळ खरवडून खातो. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनच्या माशांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यात त्यांनी या माशाच्या शास्त्रीय नावात आपला मराठी शब्दच ठेवला. आजही जगभर त्याला 'गारा मुल्या' म्हणतात. मात्र त्याला थंड, खळाळते पाणी लागते. त्याला पेटीत कोंडण्यापेक्षा मुलांना ओढ्यावर नेऊन दाखवावे.

आता एक गैरसमज. हे मासे घाण खातात, म्हणून त्यांना वेगळे खाद्य नको, असे पुष्कळांना वाटते. कोणताही मासा विष्ठेवर जगत नाही. काच स्वच्छ झाली, म्हणजे त्याचे ताट रिकामे झाले! मग त्याला काकडीची चकती किंवा वाफवलेले पालकाचे पान द्यावे, आणि उरलेले दुसऱ्या दिवशी काढून टाकावे. पोट खपाटीला गेलेले दिसले, तर तो उपाशी आहे असे समजावे. पाणीच हिरवे झाले असेल, तर ते मात्र या माशांच्या आवाक्यातले नाही. तिथे उजेड कमी करणे हाच उपाय.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. मासा मोठा झाला, पेटीत मावेना, म्हणून काही माणसे तो भूतदयेने तळ्यात सोडतात. डासांच्या अळ्या खायला आपण डबक्यात गप्पी सोडतो, तसेच हे, असे त्यांना वाटते. पण अशाच सोडलेल्या आणि निसटलेल्या सकर माशांनी केरळ, आंध्र आणि बंगालमधल्या पाण्यात ठाण मांडले आहे. ते काठात बिळे करतात, त्यांच्या काट्यांनी कोळ्यांची जाळी फाटतात, आणि स्थानिक माशांचे अन्न तुटते. एकाची हौस, आणि भुर्दंड साऱ्या गावाला! नको असलेला मासा दुकानदाराला परत द्यावा किंवा मोठी टाकी असलेल्या माणसाला द्यावा. विहीर, ओढा, तलाव यांत कदापि सोडू नये.

तेव्हा शिक्षक बंधुभगिनींनो, शाळेत पेटी असेल, तर काच पुसायचे काम मुलांकडे पाळीपाळीने द्या. मासा हा काही पेटीचा झाडूवाला नव्हे. तो आपल्या घरी आलेला जीव आहे. आधी त्याची मोजमापे, त्याचे खाणे, त्याचे वाढणे विचारावे, मग त्याला घरी आणावे. एवढे मुलांच्या मनावर ठसले, तरी पेटीचा खर्च वसूल झाला म्हणायचा.