पोलिसांपुढची कबुली



मी वकील नव्हे. माझी शाळा सातवीतच सुटली. कायदा शिकलो तो कामगारांच्या खटल्यांसाठी कोर्टाच्या पडवीत ताटकळत बसून. तेव्हा आज पेणकरांपुढे कलमांचा डामडौल मांडणार नाही. पण विषय तुमच्या-माझ्या दाराशी येणारा आहे. वर्तमानपत्रात आपण वाचतो, ‘आरोपीने पोलिसांकडे गुन्हा कबूल केला’, आणि चहा संपायच्या आत मनातल्या मनात निकाल देऊन मोकळे होतो. न्यायालय मात्र ती कबुली सहसा पुराव्यात घेतच नाही. असे का, एवढेच मला सांगायचे आहे.

प्रथम माझी स्वतःची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी रोह्याकडच्या एका कारखान्यातून तांब्याची तार चोरीस गेली. कंत्राटावरच्या एका पोराला पोलिसांनी उचलले. तिसऱ्या दिवशी बातमी आली की, त्याने कबूल केले, कागदावर सहीही दिली. मी कामगारांचा पुढारी म्हणवणारा. पण मीही हात झटकले. युनियनने वकील दिला नाही. जामिनावर सुटून आला, तेव्हा ‘सही का केलीस?’ म्हणून मी त्याच्यावरच ओरडलो. पुढे खटला उभा राहिला. त्या सहीला कोर्टाने किंमत दिली नाही, तार सापडलेली नव्हती, दुसरा पुरावा नव्हता, पोरगा सुटला. पण तोवर काम गेले होते, गावात नाव गेले होते. एकदा रोहा स्टेशनवर भेटला. म्हणाला, “भाऊ, सही का केलीस, हे तुम्ही विचारलंत. चोरी केलीस का, हे नाही विचारलंत.” त्या वाक्याने मला कायद्याचे पुस्तक उघडायला लावले.

हा कायदा कोणा मवाळ माणसाने आरोपींच्या लाडाखातर केलेला नाही. तो इंग्रजांनी केला. पोलीस कबुली कशी काढतात, हे त्यांना नीट कळून चुकले होते. मद्रास इलाख्यातल्या छळाची चौकशी करणाऱ्या समितीचा अहवाल १८५५ सालीच निघाला होता. मग १८६१ च्या फौजदारी कायद्यात, आणि पुढे १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात, नियम आला : पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध शाबीत करता येणार नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. जुन्या कलम २५ मधले तत्त्व आता कलम २३ मध्ये आहे. तत्त्व बदललेले नाही.

कोणी म्हणेल, मग चोर मोकळेच सुटणार! तसे नाही. कायद्याने वाटा ठेवल्या आहेत. समजा, कोठडीतला आरोपी म्हणाला, “मी अमक्याला कोयत्याने मारले आणि कोयता कुंडलिकेच्या काठी पुरला.” पोलिसांनी पंचांसमक्ष तिथे जाऊन कोयता काढला, तर ‘कोयता तिथे पुरला’ एवढे बोलणे पुराव्यात येते, ‘मी मारले’ हे येत नाही. प्रिव्ही कौन्सिलने १९४६ साली ही रेघ स्पष्ट आखून दिली. आमच्या पोराने खरोखर तार चोरून कुठे दडवली असती, तर ती काढून दाखवायची वाट मोकळी होतीच.

दुसरी वाट मॅजिस्ट्रेटची. मॅजिस्ट्रेटने आधी बजावले पाहिजे की, कबुली देणे तुझ्यावर बंधनकारक नाही आणि दिलीस तर ती तुझ्याविरुद्ध वापरली जाईल. आणि आरोपी ‘मला द्यायची नाही’ म्हणाला, तर त्याला पुन्हा पोलीस कोठडीत धाडता येत नाही. या तरतुदीतच सारे मर्म आहे. भीती कुठे राहते, हे कायदा करणाऱ्याला ठाऊक होते.

तिसरी वाट खास कायद्यांची. आपल्या राज्याच्या १९९९ च्या मोक्का कायद्याखाली पोलीस अधीक्षक वा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची कबुली पुरावा ठरू शकते. या वाटेने काय होते, ते पाहा. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकलगाड्यांत स्फोट झाले, १८९ माणसे गेली. २०१५ साली विशेष न्यायालयाने १२ जणांना दोषी ठरवले, त्यांतल्या पाचजणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने साऱ्यांना निर्दोष ठरवले. इतर पुराव्याबरोबर कबुल्याही विश्वासाला उतरल्या नाहीत. निरनिराळ्या माणसांच्या कबुल्यांत मजकूर तोच आढळला. सर्वोच्च न्यायालयाने तीनच दिवसांनी सांगितले की, हा निकाल अन्य खटल्यांत दाखला म्हणून धरू नये. सुटलेल्यांना मात्र परत तुरुंगात धाडले नाही. एकजण तर निकालाआधीच तुरुंगात वारला होता. आणि ज्यांची माणसे गाडीतून घरी परतलीच नाहीत, त्यांच्या पदरात १९ वर्षांनी काय पडले? कबुली हाती आली की तपासाचे पाय जड होतात. त्याची किंमत आरोपी मोजतो, तशीच फिर्यादीही मोजतो.

म्हणून माझे मागणे थोडे आहे. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही घेऊ नये, असे कायदाच सांगतो. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला कोणावर जबरदस्ती करता येत नाही, अटकेपासून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे लागते, वकील गाठण्याचा हक्क आहे. हे सारे घटनेत आहे. हे आपल्या मुलांना सांगा. आणि उद्या शेजारच्या पोराने ‘कबूल केले’ असे कानावर आले, तर निकाल देण्याआधी एकच विचारा : कुठे, कोणापुढे? मी ते विचारले नव्हते.