गाण्याची साधने कोणाच्या हाती?
(केळापूर येथे कार्यकर्त्यांपुढे झालेले भाषण)



केळापूर तालुक्यातील कोलाम पोडावर दंडार उभी राहते, तेव्हा ढोल नाचणाऱ्यांच्याच मालकीचा असतो. म्हणून तेथे कोणते गाणे म्हणावे, हे सावकार ठरवू शकत नाही. या कसोटीवर गोव्याच्या रेमो फर्नांडिस यांची वाटचाल तपासून पाहण्यासारखी आहे.

१९५३ साली पणजीत जन्मलेले रेमो मुंबईत वास्तुशास्त्र शिकले आणि पुढे युरोप व उत्तर आफ्रिकेत भटकले. रॉक संगीत, जमैकाच्या दरिद्री वस्त्यांतून उठलेले ठेके, मॉरिशसच्या गुलामांनी घडवलेला सेगा आणि गोव्याचे सूर त्यांनी एकत्र आणले. मुंबईच्या कंपन्यांना असली स्वतंत्र इंग्रजी गाणी नको होती. तेव्हा १९८४ साली शिवोलीच्या घरीच, साध्या यंत्रावर, त्यांनी ‘गोवन क्रेझी’ ध्वनिमुद्रित केली आणि तिच्या कॅसेटी स्कूटरवरून दुकानोदुकानी पोचवल्या. उत्पादनाची साधने श्रमणाऱ्याच्या हाती असावीत, हे तत्त्व त्यांनी भाषणाविना आचरले. पुढे गोव्यात आलेल्या राजीव गांधींना त्यांनी व्यासपीठावरून नावाने साद घालत गाणे ऐकवले. ही निर्भयता त्या मोकळेपणातूनच आली होती.

पण यशाबरोबर बाजारही दाराशी आला. १९७७ साली उद्योगमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांनी भांडवलातील हिस्सा कमी करण्याचा आग्रह धरला, तेव्हा कोका-कोलाने देश सोडला. नव्वदच्या दशकाच्या आरंभी पेप्सी आली आणि तिच्या जाहिरातीत रेमो झळकले. २००७ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

त्यांना दोष देणे सोपे आहे; परंतु ते अप्रामाणिकपणाचे होईल. कलावंतालाही पोट असते. खरा प्रश्न चळवळीला विचारला पाहिजे. शीतपेयाची कंपनी घालवणाऱ्यांनी गायकासाठी कोणते घर बांधले? राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने एकेकाळी गावोगाव रंगमंच उभे केले, निळू फुले यांच्यासारखा नट घडवला. कॅसेटचे युग आले, तेव्हा मात्र समाजवाद्यांनी ते यंत्र बाजाराच्या स्वाधीन केले.

आज ध्वनिमुद्रणाचे यंत्र पोडावरच्या तरुणाच्याही खिशात आहे. त्यावर मुंबईची गाणी ऐकायची, की कापसाच्या भावाचे गाणे त्याच्याच कोलामी बोलीत मुद्रित करायचे, हा निवडीचा प्रश्न आहे. तो तरुण गाऊ लागला, तर त्याच्या पाठीशी उभे राहण्याची तयारी कार्यकर्त्यांनी आजच केली पाहिजे. जाहिरातदार त्याच्या दाराशी येण्याची वाट पाहू नये.