फ्लॅश बंद ठेवा, फोटो जरूर काढा

नांदेड-लातूरची मुलं शालेय जलतरण स्पर्धांत 14, 17 आणि 19 वर्षांखालील गटांतून जिल्हा, विभाग, राज्य अशी पुढे जातात. बंदिस्त तलावावर शर्यत लागली की मोबाइलचे फ्लॅश चमकू लागतात. हे थांबायलाच हवं. सुरुवातीच्या ठोकळ्यावर वाकलेल्या मुलाचं सारं लक्ष शर्यत सुटण्याच्या इशाऱ्याकडे असतं. ऐकू न येणाऱ्या जलतरणपटूंना तर तो इशारा दिव्यानेच देतात. तिथे भलताच प्रकाश चमकला तर नुकसान मुलाचंच. फ्लॅशशिवाय फोटो येणार कसा, असं पालक विचारतील. पण मोबाइलचा फ्लॅश काही मीटरपलीकडे उपयोगाचा नसतो. त्यापेक्षा आयएसओ 1600 किंवा अधिक ठेवा, शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागावर आणा. फोटो थोडा दाणेदार येईल, पण चेहरा हलणार नाही. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये श्वासासाठी डोकं वर येतं, हनुवटीवरून पाणी निथळतं. तो क्षण समोरून टिपावा. फ्रीस्टाइलमध्ये मूल ज्या बाजूने श्वास घेतं, ती बाजू धरावी.

मग कॅमेऱ्यावरच बंदी घाला, असंही कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. वर्तमानपत्रात जिल्ह्याच्या पानावर छापून आलेला फोटो मुलाला, विशेषतः मुलीला, घरात आणि शाळेत मान मिळवून देतो. मात्र पोहण्याच्या पोशाखातलं मूल कुणाच्याही मोबाइलमध्ये जाऊ नये. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार 18 वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे. म्हणून आयोजकांनी छायाचित्रकारांची नोंद ठेवावी आणि पालकांनी दुसऱ्याच्या मुलाचा फोटो विचारल्याशिवाय ग्रुपवर टाकू नये.