१०८ च्या डॉक्टरांना काय सांगाल?

मी निलंग्याहून बोलतेय, बचत गटांचं काम बघते. आज हप्त्याचं, व्याजाचं काही बोलणार नाही. आज तापाबद्दल बोलायचंय.

दोन वर्षांपूर्वी सोयाबीनच्या काढणीत माझ्या सासूबाईंच्या पायात धसकट घुसलं. त्यांना शुगर आहे. हळद भरली, फडकं बांधलं अन् दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा रानात. चौथ्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला. रात्री अंग गार पडलं, तेव्हा आम्हाला वाटलं, बरं झालं, ताप उतरला. पहाटे बघते तर त्या मला ओळखेनात, काहीबाही बरळायल्या. शेजारच्या म्हणाल्या, बाहेरचं आहे, उतारा टाका. मी १०८ ला फोन लावला.

गाडीतल्या डॉक्टरताईंनी विचारलं, काय होतंय? मी म्हटलं, "ताप होता, आता उतरलाय." पायाचं सांगायचं सुचलंच नाही. त्यांनी घड्याळ धरून श्वास मोजले, बीपी बघितला अन् विचारलं, "लघवी कधी झाली? कुठं जखम आहे का?" तेव्हा कुठं मी फडकं सोडलं. पाय घोट्याच्या वरपर्यंत सुजून लालभडक झालेला. त्यांनी सलाईन लावलं आणि गाडीतूनच दवाखान्यात कळवलं, "सेप्सिसचा संशय आहे, तयारी ठेवा." तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. सासूबाई वाचल्या, पण पायाची दोन बोटं गेली.

सेप्सिस म्हणजे काय? जखमेतून, लघवीच्या मार्गातून, छातीतून किंवा बाळंतपणात जंतुसंसर्ग होतो. त्याच्याशी झुंजताना शरीराचंच गणित बिघडतं आणि किडनी, फुप्फुसं, मेंदू निकामी व्हायला लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०१७ या एका वर्षात जगात सुमारे ४ कोटी ९० लाख लोकांना सेप्सिस झाला आणि १ कोटी १० लाख दगावले. त्यात लहान लेकरं फार.

आपल्या राज्यात १०८ ची सेवा २०१४ साली सुरू झाली. अपघात आणि हार्ट अटॅकसाठी ही गाडी बोलवायची, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. पण अपघातातलं रक्त दिसतं, सेप्सिस दिसत नाही. तो विचारून आणि मोजून ओळखावा लागतो. नेदरलँड्समध्ये अँब्युलन्सच्या कर्मचाऱ्यांना सेप्सिस ओळखायचं प्रशिक्षण दिलं आणि काही रुग्णांना गाडीतच अँटिबायोटिक देऊन बघितलं. २०१८ साली त्याचा निष्कर्ष छापून आला. गाडीतल्या औषधानं मृत्यू कमी झाले नाहीत, पण शिकलेल्या कर्मचाऱ्यांना आजार आधीपेक्षा चांगला ओळखता आला. म्हणून माझं म्हणणं आहे, गाडीवरच्या प्रत्येकाला हे प्रशिक्षण वेळोवेळी मिळालं पाहिजे. ग्रामसभेत, आरोग्याच्या बैठकीत आपण बायांनी ही मागणी लावून धरायची.

पण डॉक्टरांनी विचारायची वाट आपण का बघायची? गाडी आली की पाच गोष्टी आपणहून सांगा. ताप किंवा थंडी कधीपासून आहे. कुठं जखम, गळू, टाके आहेत का, अलीकडं बाळंतपण किंवा गर्भपात झालाय का. श्वास जोरजोरात चाललाय का. माणूस बरळतंय किंवा गुंगीत आहे का. लघवी शेवटी कधी झाली. शुगर असेल तर तेही सांगा, चालू गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या.

बाळंतिणीला ताप आला, अंगावरून घाण वासाचं जायला लागलं, तर "वारं लागलं" म्हणून शेक देत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि तापातलं माणूस गार पडलं, पण भानावर नाही, तर ते बरं झालं असं समजू नका. आम्ही तिथंच चुकलो.

आमच्या गटानं या पाच गोष्टी कागदावर लिहून हजेरी रजिस्टरच्या पहिल्या पानावर चिकटवल्यात. पुढच्या बैठकीत तुम्हीही चिकटवा. ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्याकडून तोंडपाठ करून घ्या.